विहिरीला दाखवलेले पाणी

आमच्या गावाला पाणी नाही, हे मला कोणी सांगण्याची गरज नाही. पण ते बाहेरच्या माणसाने माझ्याच दारात बसून सांगावे, हे मला चालत नाही. गेल्या उन्हाळ्यात विहीणबाई हिमाचलातून येणार असे कळले, तेव्हा घरातल्या सर्वांना समोर बसवून मी प्रथम एवढेच स्पष्ट केले.

विहीणबाई म्हणजे माझ्या नातवाची सासू. खरे तर ती माझ्या सुनेची विहीण. पण मी घरात असताना मानाचे नाते माझ्याशीच लागते. नातू गुरुलिंग रस्ते आणि बोगदे बांधणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. लाहौल नावाच्या डोंगरी खोऱ्यात त्याचे काम चालू असताना त्याने तेथल्याच छेरिंग नावाच्या मुलीशी लग्न केले. मुलगी शिकलेली, हाताला उरक असलेली, बोलायला बेताची. लग्नानंतर तिचे नाव बदलावे, असे भावकीतल्या काही जणांनी सुचवले होते. ज्या नावाने आईने तिला हाक मारली ते बदलण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे मी विचारल्यावर तो विषय संपला.

पुढे गुरुलिंगची बदली अरुणाचलात, सीमेजवळच्या कामावर झाली. तेथे बायकोला नेता येत नाही. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत मलाही ठाऊक आहे. पण हिवाळ्यात तिच्या माहेरचा रस्ता बर्फाने कधी बंद होईल याचा भरवसा नसतो, आणि अडलेली बाई बर्फ फुटायची वाट पाहू शकत नाही. म्हणून सातव्या महिन्यात छेरिंग आमच्याकडे, औसा तालुक्यातल्या या गावी आली. मार्चच्या आरंभी लातूरच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. बारशाला मी नाव ठेवले, ऋतुजा.

आणि मग तिच्या आईचा, अंगमोचा, फोन आला. सव्वा महिना होईतो मी येते आणि दोघींना घेऊन जाते, असे तिने गुरुलिंगला कळवले. आठ-दहा वर्षांपूर्वी लातूरला रेल्वेने पाणी आणले होते, ते तिने टीव्हीवर पाहिले होते. ज्या गावाला पाणी रेल्वेने येते तेथे मी माझी लेक आणि तान्हे मूल उन्हाळ्यात ठेवणार नाही, असे तिचे म्हणणे.

गुरुलिंग आणखी तीन वर्षे तरी अरुणाचलातच राहणार होता. पहिल्याच उन्हाळ्यात डोंगरात गेलेले मूल तेथेच रांगले असते, तेथेच चालू लागले असते, तेथलीच भाषा बोलू लागले असते. मग कधीतरी सुट्टीत आमच्याकडे पाहुणे म्हणून आले असते. माझे वय पाहता तेवढेही मला दिसेल अशी खात्री नव्हती. तेव्हा मी ठरवले, की पणती या घरातून जाणार नाही, आणि तिने जावे असे वाटण्याजोगे काही तिच्या आजीच्या दृष्टीस पडणार नाही.

त्या वर्षी पाऊस ओढ देऊन गेला होता. आमचे बोअर दिवाळीनंतर धूळ ओकू लागले, आणि विहीर माघातच तळाला लागली. गावाला सरकारी टँकर आठवड्याने येई. त्याचे पाणी आम्ही पिपांत भरून ठेवत असू, आणि अंगणातल्या टाकीला कुलूप असे. किल्ली माझ्या कनवटीला.

"टाकीचं कुलूप काढा," मी सांगितले. "पिपं टाकीत रिकामी करून मागं गोठ्यात नेऊन ठेवा. टँकर हा शब्द कोणाच्या तोंडून निघता कामा नये. विहीणबाईला रोज सकाळी दोन बादल्या पाणी, एक गरम, एक गार. बाळंतिणीलाही तेवढंच."

माझा मुलगा रामलिंग साठीला आला आहे, पण त्याला अजून हिशेब सुचतात. "माय, दोन दोन बकेटी म्हंजे आपल्या समद्याचं दिसभराचं पानी झालं की."

"मग आपण एक दिवस अंघोळ करू नये."

"एक दिस न्हाई, रोजचंच हाय ते!"

"मग रोज करू नये. तुला कुठं कचेरीत जायचं आहे?"

सुनेने, शिवकांताने, तोंडाला पदर लावला. हसली असावी. मी तिकडे लक्ष दिले नाही.

अंगमो आली ती सव्वा महिना पुरा व्हायला काही दिवस असताना. बुटकी, काटक, गालांवर सुरकुत्यांची दाट जाळी. वयाने माझ्याहून पुष्कळच लहान. लातूरच्या स्टेशनावर गाडीतून उतरली तेव्हाच ती घामाने भिजली होती, असे रामलिंगने सांगितले. तिने पिशवीतून वाळवलेल्या जर्दाळूंची पुरचुंडी काढली, आणि मग पणतीसाठी विणलेले लोकरीचे टोपडे आणि मोजे. शेजारची गुरम्मा नेमकी दारात होती. तिच्या जिभेला हाड नाही.

"अगं माय! एवढ्या उन्हात मोजे? लेकराला काय भट्टीत घालायचंय का?"

अंगमोला ते कळले नाही, पण बायका हसल्या म्हणून तीही हसली. ते मला आवडले. मी मोजे हातात घेतले, टाका पाहिला, आणि आतल्या कपाटात ठेवायला सांगितले. टाका उत्तम होता.

आमचे बोलणे हिंदीत होई. तिची हिंदी डोंगरातली, माझी नांदेडची. माझे माहेर नांदेडला, गोदावरीच्या घाटाजवळ; शेजार सगळा दखनी बोलणाऱ्यांचा. लहानपणी मी कधी पाणी मोजून वापरले नाही. ते या घरात आल्यावर शिकले आणि नंतर कोणाला शिकवावे लागले नाही. माझ्याकडे पाहून सगळे शिकले.

"समधनजी, आपके यहाँ पानी का कैसा है?" तिने चहा घेता घेता विचारले.

"भौत है," मी म्हणाले. "नहाव, धोव, जैसा होना वैसा लेव."

रामलिंग उठून बाहेर गेला.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी गल्लीतल्या बायका बाळाला पाहायला व्हरांड्यात जमल्या. गुरम्माने छेरिंगला मध्ये घालून विचारले, "तुमच्या गावाला बर्फ पडतो म्हणं. कसा पडतो ओ? गारावानी?"

अंगमोने फोन काढला, मागल्या कुठल्याशा हिवाळ्याचे चित्रण लावले आणि मध्ये धरला. आधी काहीच दिसेना, नुसते पांढरे. मग त्यात एका घराची कड दिसली, झाडाची काळी फांदी दिसली, आणि वरून पिंजलेल्या कापसासारखे काहीतरी सावकाश, आवाज न करता उतरताना दिसले. गारपीट आम्ही पाहिलेली आहे. गार आली की पत्रे वाजतात आणि उभा हरभरा तासाभरात मातीला मिळतो. हे तसे नव्हते. याला कुठे पोचायची घाई नव्हती.

"हे समदं पानीच हाय?" गुरम्माने विचारले.

"पाणीच," छेरिंग म्हणाली. तिचे मराठी तोवर चांगले झाले होते.

एवढ्यात फोनमध्ये छपरावर दोन माणसे चढलेली दिसली. लाकडी फावड्यांनी ती छपरावरचा बर्फ खाली लोटत होती. धप्प, धप्प असे ढीगच्या ढीग गल्लीत पडत होते.

"अगं बया!" गुरम्मा ओरडली. "लोटून कामून द्यायलेत? हौदात तरी टाका म्हणावं!"

"न्हाईतर आमच्याकडं धाडा!" दुसरी कोणी म्हणाली. हशा पिकला. छेरिंगने आईला अर्थ सांगितला तेव्हा तीही खूप हसली, आणि मग तिने नीट उत्तर दिले. बर्फ छपरावर राहू दिला तर छप्पर खाली बसते. लोटला तरी तो वाया जात नाही. शेतावर, सावलीच्या अंगाला महिनोन्महिने टिकतो. थंडी सरत आली की त्यावर माती पसरायची, म्हणजे तो लवकर वितळतो आणि रान पेरणीला मोकळे होते. पाऊस त्यांच्याकडे जवळजवळ नाहीच. वर डोंगरात साचलेला बर्फ उन्हाळ्यात थोडा थोडा उतरतो, त्याचेच झरे, त्याचेच पाट, त्यावरच वाटाणा आणि बटाटा.

"बर्फ नहीं गिरा तो हमारे पास कुछ नहीं, बहनजी," ती म्हणाली. "इस बार पहाड़ काला रह गया."

तिच्या घरामागचा झरा गेल्याच वर्षी बारीक झाला होता. आणि भर थंडीत, सभोवार गुडघाभर बर्फ असताना, नळ गोठलेले असतात. तेव्हा बादलीने बर्फ आणायचा, चुलीवर ठेवायचा, आणि बादलीभर बर्फाचे तळाला लोटाभर पाणी होते, असेही तिने सांगितले.

मी ऐकले. पण ऐकणे आणि मनावर घेणे यांत अंतर असते. माझ्या डोळ्यांपुढे छपरावरून लोटलेले ते पांढरे ढीगच होते. ज्याच्या दारात आभाळ आपण होऊन पाणी आणून टाकते, त्याला दोन बादल्यांचे काय, असे मी धरून चालले. दुसऱ्या दिवसापासून विहीणबाईला तिसरी बादली ठेवायला सांगितली.

शिवकांताने एकदा हळूच मला सांगितले, "आत्याबाई, विहीणबाई न्हाणीत लई वेळ लावतेत. पन पानी वतल्याला आवाजच येत न्हाई."

"पाहुण्यांच्या न्हाणीला कान लावणं ही आपल्या घरची रीत नाही," मी म्हणाले. शिवकांताच्या केसांना त्या आठवड्यात पाणी लागले नव्हते, आणि माझ्याही नाही. पण तेल लावून घट्ट अंबाडा घातला की कोणाला काही कळत नाही.

आमच्याकडे सव्वा महिना झाला की बाळंतीण विहीर पुजते. विहिरीच्या काठावर सात खडे मांडायचे, ते साती आसरा, पाण्यातल्या देवी, म्हणून. त्यांना हळदकुंकू लावायचे, घुगऱ्यांचा नैवेद्य दाखवायचा. मग बाळंतिणीने स्वतः पोहरा टाकून पाणी शेंदायचे आणि भरलेली कळशी घरी आणायची. त्यानंतरच तिने घरातल्या पाण्याच्या भांड्यांना हात लावायचा. पाणी देणाऱ्या विहिरीची आणि त्या घरच्या बाईची ती ओळख असते. मी या घरात तीन वेळा विहीर पुजली, शिवकांताने दोनदा. विहीर कोरडी आहे म्हणून टँकरच्या पाण्यावर किंवा नळाला हळदकुंकू लावून आमच्या घरात कोणी वेळ मारून नेलेली नाही.

हे सगळे मी अंगमोला समजावले. तिने लक्ष देऊन ऐकले आणि म्हणाली, "जिस कुएँ का पानी मेरी नातिन पिएगी, वो कुआँ मैं भी देखूँगी. पानी ठीक हुआ, तो मैं अकेली लौट जाऊँगी."

म्हणजे आता सगळे त्या विहिरीवर येऊन ठेपले.

धोंडप्पा आमच्याच गावचा. त्याचा खासगी टँकर मुरुडकडून कुठूनतरी भरून येतो. पूजेच्या आदल्या दिवशी मी त्याला बोलावून घेतले. विहीणबाईला औशाचा किल्ला दाखवायला आणि बाळाला बांगड्या घ्यायला शिवकांताबरोबर पाठवून दिले होते.

"टँकर विहिरीत सोडायचा," मी म्हणाले.

"हिरीत?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. "मोठ्याबाई, लोकं हौदात घेतेत, टाकीत घेतेत. हिरीत वतून काय करताव?"

"तुला पाणी विकायचं आहे, की शहाणपण?"

"तसं न्हाई ओ. पन तुमच्या हिरीला तर—"

"सोड."

त्याने सोडले. मी काठावर उभी राहिले. पाइपातून पाणी खाली आदळले, कोरड्या खडकावर फुटले, आणि बऱ्याच दिवसांनी माझ्या विहिरीतून ओल्या मातीचा वास वर आला. तळ झाकला गेला. वरून पाहणाऱ्याला पोहरा बुडेल एवढे पाणी नक्कीच दिसत होते. परत वळले तेव्हा छेरिंग मागच्या दारात बाळाला घेऊन उभी होती. तिने टँकर पाहिला, मला पाहिले, आणि आत गेली. ती आईला काही बोलेल, असे मला वाटले नाही. आणि ती बोललीही नाही.

धोंडप्पाचे अर्धे राहिलेले वाक्य मी ऐकून घ्यायला हवे होते. आदल्या साली विहिरीला पाणी लागावे म्हणून मीच पुढे उभी राहून तिच्या चारी अंगांना आडवे बोअर मारून घेतले होते. खडकात दूरवर गेलेली ती भोके. त्यांतून पाणी आत येते, एवढेच मी धरले होते. भोवतालची जमीन तहानलेली असली की त्याच वाटेने ते बाहेरही जाते.

सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही निघालो. पुढे मी, मागे छेरिंग डोक्यावर पदर घेऊन, हातात रिकामी कळशी. शिवकांताजवळ बाळ, अंगमोजवळ घुगऱ्यांचे पातेले, आणि मागे गल्लीतल्या बायका. मी काठाशी गेले आणि खाली पाहिले.

तळाला चिखल चकाकत होता. एका कोपऱ्यात ओंजळभर पाणी होते, त्यात एक चिमणी पंख भिजवत होती. बाकी काही नव्हते.

अंगमोने पातेले खाली ठेवले आणि माझ्या शेजारी येऊन वाकून पाहिले. मग तिने काठावरची ओल पाहिली, आणि मातीत उमटलेली टँकरची चाके पाहिली. तिला काही विचारावे लागले नाही. तरी तिने विचारले, आणि आवाज हळू ठेवला, हे मी विसरणार नाही.

"समधनजी, कल शाम को डलवाया था?"

"हाँ," मी म्हणाले. "मैं डलवाई."

खोटे बोलायचे ते पाहुण्यासाठी बोलले होते; पकडले गेल्यावर ते रेटणे आमच्या घरात बसत नाही.

"आता काय करायचं, आत्याबाई?" शिवकांता म्हणाली. "टाकीत तर तळाला आलंय. पूजा म्होरं ढकलावी का?"

तेव्हा छेरिंग बोलली. "मोठ्याआई, पाणी आहे. गोठ्यात आहे."

आमची जनावरे चाऱ्याच्या छावणीवर होती, म्हणून गोठ्यात कोणी जात नसे. ती आम्हाला तेथे घेऊन गेली. रिकाम्या गव्हाणीमागे माझीच दोन पिपे होती, पाहुणीच्या नजरेआड म्हणून मीच हलवायला लावलेली. त्यांच्या तोंडांवर धुतलेली फडकी बांधली होती. छेरिंगने फडकी सोडली. दोन्ही पिपे काठोकाठ भरलेली होती.

"हे कुटनं आलं?" रामलिंग म्हणाला.

अंगमो पहिल्यांदाच ओशाळलेली दिसली. तिने सांगितले ते मी माझ्या शब्दांत लिहिते. दोन बादल्या पाण्याने तिने जन्मात कधी अंघोळ केली नव्हती. बादलीभर बर्फ वितळवून लोटाभर पाणी करणाऱ्या बाईच्या अंगावर एवढे पाणी ओतवेना. नको म्हणावे तर समधन रागावेल, हे तिने पहिल्याच दिवशी ओळखले. म्हणून ती एका लोट्यात अंग धुई, आणि उरलेले पाणी दुपारी घर पेंगत असताना मागच्या दाराने गोठ्यात नेऊन ठेवी. न्हाणी आणि गोठा यांत एकच भिंत आहे. तिसरी बादली आली त्या दिवशी तिची झोप उडाली, म्हणे.

"मुझे बोलना नहीं था क्या?" मी विचारले.

"आप बोलतीं?"

गुरम्मा तेवढ्यात बोललीच, "घ्या! एक लपवून देलाली, एक लपवून ठेवलाली, आन् आम्ही हिकडं टँकरपाशी भांडून मरायलाव!" कोणी हसले नसते, तर मी तिला घरी पाठवले असते. पण अंगमोच आधी हसली, मग शिवकांता, आणि मग मलाही चेहरा सरळ ठेवणे जमले नाही.

पूजा पुढे ढकलायची नाही, हे मी ठरवले होते. पण कळशी विहिरीतूनच वर यायला हवी होती. मी छेरिंगला पिपातल्या पाण्याने कळशी भरायला लावली, कळशीच्या गळ्याला दोर बांधायला लावला, आणि आम्ही पुन्हा विहिरीवर आलो.

"भरल्याली कळशी हिरीत सोडायची?" गुरम्मा म्हणाली. "असं कुटं अस्तंय का?"

"आजपासून असतं."

सात खडे मांडले. हळदकुंकू झाले. छेरिंगने दोर धरला आणि भरलेली कळशी हळूहळू खाली सोडली. ती भिंतीला लागू नये म्हणून अंगमो काठावर पालथी पडून दोर सांभाळत होती. कळशी तळाच्या चिखलात टेकली तशी चिमणी उडाली. क्षणभर मी ती तेथेच राहू दिली. वर्षानुवर्षे या विहिरीने आम्हाला पाणी दाखवले होते. एक दिवस आम्ही तिला दाखवावे, यात कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते. मग मी मान हलवली, आणि छेरिंगने कळशी वर ओढली. फार सांडले नाही. मुलीचा हात स्थिर आहे.

घरी आल्यावर तिने कळशी स्वयंपाकघरातल्या माठात रिकामी केली. मी तिला समोर बसवले.

"तू रोज किती पाण्यात न्हात होतीस?"

ती खाली पाहू लागली.

"छेरिंग."

"आईएवढ्याच. एक तांब्या. कधी दोन."

"आणि राहिलेलं उचलून गोठ्यात नेत होतीस?"

"अर्धी अर्धी बादली न्यायचे, मोठ्याआई. जड नव्हती."

ओली बाळंतीण. जिला सव्वा महिना शेकशेगडी आणि भरपूर ऊन पाणी मिळायला हवे, ती माझ्या घरात तांब्याभर पाण्यात अंग पुसत होती आणि माझा मान राखण्यासाठी बादल्या वाहत होती. विहीर कोरडी निघाल्याचे मला फार लागले नाही. कोरडी विहीर आभाळाच्या हातात असते. हे मात्र माझ्या घरात, माझ्या देखरेखीखाली घडले होते.

अंगमो भिंतीला टेकून बसली होती. विहिरीत पाणी निघाले तर एकटी परत जाईन, असे ती म्हणाली होती; निघाले नव्हते. तरी तिने तो विषय काढला नाही.

मीच काढला. "विहीणबाई, दोघींकू लेके जाव."

"माय!" रामलिंग म्हणाला. शिवकांताने बाळाला छातीशी ओढले.

"मैं माँगने ही वाली थी," अंगमो म्हणाली.

"माँगने का काम नहीं. मैं देरी हूँ." आणि मग छेरिंगला मी मराठीत सांगितले, म्हणजे घरातल्या सगळ्यांना एकदाच कळावे. "तू या विहिरीतून कळशी शेंदून आणली आहेस. या घरातल्या पाण्यावर आता तुझा हक्क आहे. पण पाणी आधी यायला हवं. विहिरीला पाणी आलं की मी निरोप देईन. त्याआधी येऊ नकोस, आणि त्यानंतर तिथं थांबू नकोस."

"नाही थांबणार," ती म्हणाली. तिने कळशी धुतली, पुसली, आणि देवळीत पालथी ठेवली. कोणी सांगितले नव्हते.

गोठ्यातली दोन पिपे निघायच्या दिवसापर्यंत पुरली. शिवकांताने केस धुतले. मीही. अंगमोला मी रोज एकच लोटा पाणी देत असे, मोजून, आणि ती दोन्ही हातांनी घेई.

त्या गेल्या. उन्हाळा जायचा तसा गेला. मृग कोरडा गेला, आर्द्रा बऱ्या झाल्या. मी रोज सकाळी काठी टेकत विहिरीवर जाऊन येई. खोलवर पाहावे लागे आणि माझी नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, म्हणून एक खडा टाकून कान देई. श्रावणात खडा चिखलात पडल्यासारखा वाजला. भाद्रपदात, पोळ्यानंतर काही दिवसांनी, तो पाण्यात पडला. आडव्या बोअरांतून पाणी आत येत होते. खाली उतरलेल्या रामलिंगने हात लावून सांगितले. मी गुरुलिंगला फोन लावायला लावला आणि एवढेच म्हणाले, "बायकोला कळव. खडा वाजला."

ती आठवड्याच्या आत आली. बाळ ओळखू येईना एवढे वाढले होते. छेरिंगने पिशवी दारात ठेवली, देवळीतली कळशी काढली, आणि चहाही न घेता विहिरीवर गेली.

आता टाकीची किल्ली तिच्याकडे असते. रामलिंगला तिने एका बादलीवर आणले आहे, आणि तो माझ्याकडे तक्रार करतो. मी ऐकत नाही.

गेल्या माघात एका सकाळी मी शेकोटीपाशी बसले असताना छेरिंग फोन घेऊन धावत आली. "मोठ्याआई, आई आहे. बघा, बघा."

फोनच्या काचेवर पुन्हा तेच पांढरे होते. सावकाश, आवाज न करता उतरणारे. अंगमो टोपी घालून अंगणात उभी होती, तिच्या भुवयांवरही बर्फ बसला होता. तिने फोन फिरवून घरामागचा डोंगर दाखवला. तो काळा नव्हता. छपरावर कोणीतरी फावड्याने बर्फ लोटत होते, आणि या खेपेला मला त्याचे काही वाटले नाही. तो खाली शेतावर जाऊन साचणार होता, वर झऱ्याच्या डोक्यावर साचणार होता.

ऋतुजा माझ्या मांडीवर होती, पायांत लोकरीचे मोजे. तिने काचेवर हात मारला.

"कितना गिऱ्या, विहीणबाई?" मी विचारले.

अंगमोने बर्फात काठी रोवली. काठी अर्ध्याहून अधिक आत गेली.

मी शिवकांताला हाक मारली आणि सांगितले, की हरभरे भिजत घाल, उद्या गल्लीत घुगऱ्या वाटायच्या आहेत.

"कशाच्या ओ, आत्याबाई?" तिने विचारले.

"विहीणबाईंच्या विहिरीला पाणी लागलं," मी म्हणाले.